बिल ८० हजारांचं, हातात ७९,२०० : ८०० रुपये गेले कुठे?

समजा, रामटेकमध्ये गडाच्या पायथ्याशी एका लॉजचं बांधकाम सुरू आहे. ठेकेदाराचा व्यवसाय एकट्याच्या मालकीचा. वायरिंगचं काम त्याने ८० हजारांत एका स्वतंत्र इलेक्ट्रिशियनला दिलं. पैसे देताना ८०० रुपये कापले. वाद झाला. पण ही कपात म्हणजे टीडीएस.

कोणी कापायचा?
आदल्या आर्थिक वर्षात ज्याची उलाढाल १ कोटीपेक्षा जास्त होती, अशा मालकाने. उलाढाल त्याहून कमी असेल तर सहसा कपात नाही. मात्र एकाच व्यक्तीला वर्षात ५० लाखांहून जास्त दिले, तर २ टक्के कापावे लागतात.

कधी आणि किती?
एक बिल ३० हजारांच्या वर किंवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली की १ टक्का. काम घेणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल तर २ टक्के. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के!

पुढे काय?
मालकाने टॅन क्रमांक घ्यायचा आणि रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची. मार्चची कपात ३० एप्रिलपर्यंत.

नाही कापला तर?
व्याज लागतं. शिवाय खर्चाचा ३० टक्के भाग, म्हणजे इथे २४ हजार रुपये, नामंजूर होऊन मालकाच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो.

आणि इलेक्ट्रिशियनचे ८०० रुपये? ते त्याच्याच पॅनवर जमा होतात. त्याचा कर त्याहून कमी निघाला, तर रिटर्न भरून परतावा मिळतो. म्हणून पॅन द्या आणि टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.