खिन्नतेचे दुष्टचक्र

शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक सुरू करताच कर्णा एकाएकी कर्कश शिट्टी मारू लागतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. त्या वेळी माईकसमोर कोणी ओरडलेले नसते. मग एवढा आवाज येतो कोठून?

माईकमध्ये शिरलेला बारीकसा आवाज अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. तो कर्ण्यातून बाहेर पडून पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि आणखी मोठा होतो. म्हणजे परिणाम हाच पुढच्या फेरीचे कारण बनतो. समजा, प्रत्येक फेरीत आवाज १.१ पट होतो. १० एककांपासून सुरुवात केली, तर दहा फेऱ्यांनंतर तो सुमारे २६ एकक होईल. पण प्रत्येक फेरीत तो ०.९ पट होत असेल, तर दहा फेऱ्यांनंतर जेमतेम ३.५ एकक उरेल. दोन गुणकांत फरक अगदी थोडा. पण एक १ च्या वर व दुसरा खाली, म्हणून एकीकडे शिट्टी आणि दुसरीकडे शांतता.

हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, नैराश्य किंवा डिप्रेशन या आजारातही असेच एक चक्र फिरत असते. ते समजले, तर या आजाराविषयीचे पुष्कळ गैरसमज दूर होतात.

उदासी आणि आजार

परीक्षेत गुण कमी पडले, जिवलग मित्राशी भांडण झाले, घरात कोणी वारले, तर मन उदास होणारच. तो आजार नव्हे. अशा उदासीतही मध्येच एखादा विनोद आपल्याला हसवतो, आवडीचा पदार्थ चवीने खाल्ला जातो. नैराश्यात मात्र खिन्नता किंवा कशातही गोडी न वाटणे, यांपैकी एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकून असते. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा फार वाढते, भूक बदलते, थकवा येतो, वाचलेले डोक्यात शिरत नाही. आपण निरुपयोगी आहोत, सारा दोष आपलाच आहे, असे वाटू लागते. मरणाचे विचारही येऊ शकतात. तुमच्या वयात उदासीऐवजी चिडचिडच अधिक दिसू शकते. डोके किंवा पोट वारंवार दुखते. मग ‘उद्धट झाला आहे’, ‘आळशी झाली आहे’ असा शिक्का बसतो आणि आजार तसाच राहतो.

ताप मोजण्यास थर्मामीटर असतो. मनासाठी तसे उपकरण नाही. पण नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कोणते लक्षण किती वेळा जाणवले, यावरून प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण मिळतात. म्हणजे एकूण जास्तीत जास्त २७. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. अर्थात ही केवळ खूण आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे.

चक्र कसे फिरते?

समजा, अनिकेत हा रोज संध्याकाळी खो-खो खेळणारा मुलगा आहे. काही कारणाने मन खिन्न झाले, म्हणून तो एक दिवस मैदानावर गेला नाही. त्याबरोबर खेळाचा आनंद, मित्रांच्या गप्पा आणि रात्रीची गाढ झोप ही तिन्ही बुडाली. दुसऱ्या दिवशी अंग जड, वर्गात लक्ष नाही, गृहपाठ अपुरा, बोलणी बसली. ‘मी कशालाच लायक नाही’ असे वाटून तो संध्याकाळी अंथरुणातच पडून राहिला. मित्रांनी चार दिवस हाका मारल्या, मग त्याही थांबल्या. प्रत्येक फेरीने पुढच्या फेरीला बळ दिले.

या चक्राची सुरुवात कशाने होते? एकच एक कारण नसते. आनुवंशिकता, दीर्घकाळचा ताण, छळ, एखादा धक्का, थायरॉईडचा विकार अशी अनेक कारणे एकत्र येऊ शकतात. कधी कारण दिसतही नाही. मेंदूत एक रसायन कमी पडले की नैराश्य येते, हे पूर्वी दिले जाणारे उत्तर फारच सोपे होते, असे आता दिसून आले आहे. मात्र एवढे निश्चित की, हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ‘मन घट्ट कर’ असे रुग्णाला सांगणे म्हणजे शिट्टी मारणाऱ्या कर्ण्याला ‘गप्प बस’ म्हणण्यासारखे आहे.

चक्र तोडायचे कोठे?

‘मन बरे झाले की मग खेळायला जाईन,’ असे आपण म्हणतो. पीटर लेविन्सोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याच्या उलट दिशेने विचार केला. कृती आधी, मन मागाहून! या उपचारात मन लागो वा न लागो, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायची असते. अनिकेतने लगेच सामन्यात उतरायचे नाही. पहिल्या आठवड्यात मैदानाच्या कडेला पंधरा मिनिटे बसायचे, एवढेच. दुःख एका दिवसात नाहीसे व्हायला हवे असे नाही. गुणक १ च्या खाली आला, तरी पुरे. (मनातला असा गुणक मोजता येत नाही, ही केवळ उपमा आहे.)

पण अडचण अशी की, या आजारात कृती करण्याचे बळच खचते. म्हणून येथे दुसऱ्या माणसाची गरज लागते.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची कसोटी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बरेच तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. डॉक्टरांची देखरेख दोन्ही गटांना होती. एका गटाला तीव्यतिरिक्त सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. आणि ते देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी प्रश्नावलीतील गुण १० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण या गटात ६४ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के भरले. वर्षानंतरही फायदा टिकून होता.

हे आकडे नीट वाचा. दुसरा गट नसता, तर सर्व ६४ टक्के श्रेय समुपदेशनाला दिले गेले असते. शिवाय पहिल्या गटातील ३६ टक्के रुग्णांना एवढ्याने पुरेसे बरे वाटले नाही. अशांना अन्य उपचार लागतात. औषधांचा गुण दिसण्यास बहुधा काही आठवडे लागतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि आपल्या मनाने बंद करू नयेत.

मदत कोठे मिळेल?

दोन आठवडे वर सांगितलेली लक्षणे जाणवत असतील, तर आई-वडील, शिक्षक किंवा विश्वासातल्या कोणा मोठ्या माणसाला सांगा. एकाने मनावर घेतले नाही, तर दुसऱ्याला सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र, विनामूल्य व मराठीतही मिळते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

तुमचा मित्र किंवा मैत्रीण ‘जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणू लागली, तर ती गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. ‘मरणाचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली, तरी ती पाळू नका. तिला एकटे सोडू नका व ताबडतोब मोठ्यांना बोलवा.

शिक्षकांना एक विनंती. चांगला खेळणारा, बोलणारा विद्यार्थी काही आठवडे मागच्या बाकावर गप्प बसू लागला, तर रागावण्यापूर्वी त्याला बाजूला घेऊन पाच मिनिटे त्याचे ऐकून घ्या. आणि वरील दोन क्रमांक शाळेच्या फळ्यावर, सर्वांना दिसतील असे, कायमचे लिहून ठेवा.