अंकांची वाट न सापडणारी मुले

ताटात तीन लिंबे ठेवली तर ती मोजावी लागत नाहीत. नजर पडताच ‘तीन’ असे मन सांगते. चारपर्यंत बहुतेकांचे असेच होते. काही मुलांना मात्र ही तीन लिंबेही एकेक करून मोजावी लागतात. ही मुले मंदबुद्धीची असतात असे नव्हे. त्यांतील कित्येक गोष्ट रंगवून सांगतात, कविता चटकन पाठ करतात. या अवस्थेला गणनअक्षमता म्हणतात. ब्रातिस्लाव्हाचे मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली तिची व्याख्या केली. त्यांनी तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे सहा टक्क्यांत ती आढळली.

संख्येचा आणि दिशेचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपण संख्या मनातल्या मनात एका रेषेवर मांडतो. नऊ हा आठाच्या पुढे ‘असतो’. व्हिएन्नाचे डॉक्टर योसेफ गेर्स्टमान यांनी १९२४ साली अशा एका स्त्रीचे वर्णन केले, की जिला स्वतःच्या हाताची बोटे ओळखता येईनात. पुढे त्यांना दिसले की बोटांची ओळख, डावे-उजवे, लेखन आणि हिशेब ही चारही एकदमच बिघडू शकतात. त्या रुग्णांच्या मेंदूला इजा झालेली होती. आपल्या मुलांचे तसे नसते. परंतु बोटे, दिशा आणि अंक यांचे शेजार त्यातून उघड झाले. म्हणूनच अशा काही मुलांचा वजाबाकीतला हातचा भलत्याच घरात जातो, आणि घड्याळातील पावणेचार व सव्वाचार त्यांना सारखेच वाटतात.

त्यात आपली लिपी आणि भाषा भर घालतात. ३ आणि ६ यांची वळणे जवळजवळ आरशातली. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. मग वहीत ५२ उमटतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसाचे नाव घेऊन विसाच्या घरात बसायचे! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा तिची पुष्कळ थट्टा झाली. रीत कानाला खटकते खरी. अडचण मात्र काल्पनिक नव्हती.

पाढे घोकून घेतल्याने हा दोष पुष्कळदा झाकलाच जातो. सात आठे छप्पन्न बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला छप्पन्न मोठे की पासष्ट, हे विचारून पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली आहे. पण घरी आरंभ करण्यास कायदा लागत नाही. आगकाड्यांचे दहा-दहाचे जुडगे आणि चौकटींची वही पुरते. एका चौकटीत एकच अंक, आणि एककाच्या खाली एकक.