सीनेकाठी निघालेले पत्र: 'ज्ञानोदय' आणि विखुरलेल्या मंडळ्या

कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपुराकडे भीमा येते तेव्हा तिच्या पात्रात दोन जुन्या शहरांचे पाणी मिसळलेले असते. पुण्याची मुळा-मुठा तिला दौंड तालुक्यात मिळते. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, सीना तिला दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलला भेटते. त्या संगमावरच्या देवळात शके 940चा, म्हणजे इ. स. 1018चा मराठी शिलालेख आहे. पुढे अफजलपूर तालुक्यात गाणगापूरला भीमेला अमरजा मिळते आणि तिथे 'गुरुचरित्रा'ची भूमी लागते. तो ग्रंथ मराठीत रचणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नड भाषक होते असे मानले जाते. या पट्ट्यात मराठी आणि कानडी एकाच घरात नांदतात, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

या नद्यांची आठवण निघाली ती एका नियतकालिकामुळे. ते सीनेच्या काठी सुरू झाले आणि त्याच्या एका संपादकाने त्याआधी मुठेच्या काठी प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळकपण केले होते. त्याचे नाव 'ज्ञानोदय'.

जून 1842 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या हेन्री बॅलंटाइन यांनी अहमदनगरला ते सुरू केले. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांचे वय जेमतेम दहा वर्षांचे होते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले आणि 1840 मध्ये थांबले. भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' 1841चा. त्यांच्या मागोमाग आलेल्या 'ज्ञानोदया'ने दीडशे वर्षांचा पल्ला ओलांडला. मराठीतली किती नामांकित पत्रे दोन-चार वर्षांत मिटली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आयुष्याचे मोल कळेल.

असे पत्र मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती उपासक-समूहांना, का लागले? याचे एक उत्तर प्रेस्बिटेरियन पंथाच्या नावातच सापडते. 'प्रेस्बुतेरोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ वडील माणूस, आणि मराठी बायबलातही त्याला 'वडील' हाच शब्द आहे. या पंथात बिशप नसतो. गावच्या मंडळीचा कारभार पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून पाहतात. त्या परिसरातल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसतात ती प्रेस्बिटेरी, आणि तिच्यावर आणखी मोठ्या सभा. वरून हुकूम येण्यापेक्षा एकमेकांशी विचारविनिमय करून चालणारी ही व्यवस्था आहे. तेव्हा शेजारच्या मंडळीत काय चालले आहे, कोण आजारी आहे, कुठे शाळा उघडली, कुठला पाळक निवर्तला, हे कळल्याशिवाय तिचे पाऊल पुढे पडत नाही. अहमदनगरचे अमेरिकन मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते. तिथे प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र, आणि म्हणूनच एकमेकींची खबर घेण्याची निकड तिथेही तेवढीच.

दुसरे कारण माणसांच्या काळजाशी जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर सुटे, जात सुटे, विहिरीचे पाणीही तुटे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा 1850 मध्ये झाला, तोवर वडिलोपार्जित जमीनही हातची जाण्याची भीती होती. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पाठोपाठ निघालेला धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या निर्णयाने आईबापांकडे परत गेला. त्याला जातीत परत घेण्यासाठी जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर त्यावरून पुन्हा वादळ उठले. दोन्ही बाजूंनी माणसे पोळली. अशा काळात दूरच्या गावात एकट्याने उपासना करणाऱ्या कुटुंबाच्या हातात छापील कागद पडे आणि आपण एकटे नाही हे त्यांना कळे. हा धीर किती मोठा होता याची कल्पना आज करणे कठीण आहे, पण ती करायला हवी असे मला मनापासून वाटते.

नारायण शेषाद्रींचे पुढचे काम तर थेट निजामाच्या मुलखातले, म्हणजे तेव्हा गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) ज्या राज्यात होते त्याच राज्यातले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने त्यांना पाळकपणाची दीक्षा दिली. जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी 'बेथेल' नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. 1873 मध्ये ते न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत गेले. मराठवाड्यातल्या उघड्या माळावर काम करणारा हा माणूस जगातल्या प्रेस्बिटेरियनांना चेहऱ्याने ओळखीचा होता.

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या संपादकाकडे, बाबा पदमनजींकडे, येऊ. त्यांचा जन्म 1831 मध्ये बेळगावचा, सीमाभागातलाच. शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत आणि मग मुंबईत स्कॉटिश मिशनच्या संस्थेत झाले. 1854 मध्ये त्यांनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला. 1857 मध्ये त्यांचे 'यमुनापर्यटन' आले. विधवांच्या यातना मांडणारी ही कथा मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. 1867 मध्ये ते पुण्यातल्या फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक झाले. 1873 मध्ये ते काम सोडून त्यांनी पूर्ण वेळ लेखणी हाती घेतली आणि पुढे 'ज्ञानोदया'चे संपादनही केले. त्याआधी 'सत्यदीपिका' हे पत्र त्यांनी चालवले होतेच. लहानमोठी शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. पाळकपण सोडून संपादक होणे म्हणजे सेवा सोडणे, असे कुणाला वाटेल. मला ते उलटे वाटते. पाळकाला रविवारी समोर बसलेली माणसे दिसतात. संपादकाची मंडळी बेळगावापासून नागपुरापर्यंत पसरलेली असते, आणि तिच्यापर्यंत पोचायला टपालाची पिशवी हीच वाट.

पदमनजींसारखा प्रेस्बिटेरियन पाळक काँग्रिगेशनल अमेरिकन मिशनच्या पत्राचा संपादक होतो, यात आणखी एक गोष्ट दिसते. परदेशातले पंथभेद इथे आल्यावर सैल पडत होते. स्कॉटलंडात कोण कुणापासून का फुटले याच्याशी मराठी वाचकाला फारसे कर्तव्य नव्हते. त्याला आपल्या भाषेतले पत्र हवे होते.

या पत्राने मंडळीबाहेरच्या महाराष्ट्रालाही एक अमोल ठेवा दिला. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांच्या शाळांची दखल 'ज्ञानोदया'ने आस्थेने घेतली. फुल्यांच्या शाळेतली एक विद्यार्थिनी मुक्ता साळवे, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'ने 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 या दोन अंकांत छापला. दलित स्त्रीचे छापले गेलेले हे आद्य लेखन मानले जाते. त्या काळात त्या मुलीला देवळात शिरता आले नसते. पण तिचे शब्द खिळ्यांत जुळले, शाईत बुडाले आणि घरोघर गेले. एवढा एकच मजकूर छापून पत्र बंद पडले असते तरी त्याचे नाव राहिले असते.

खिळ्यांचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. मुंबईतल्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले, आणि पुढे 'निर्णयसागर'चा कारखाना उभारणारे जावजी दादाजी त्यांच्या हाताखाली शिकले. पंचांगापासून संस्कृत काव्यांपर्यंत 'निर्णयसागर'ची जी देखणी छपाई आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचली, तिच्या मुळाशी हे शिक्षण आहे.

1912 मध्ये 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे आला आणि 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. कोकणात जन्मलेला हा कवी 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, तरी त्याचे भजन, कीर्तन आणि अभंग सुटले नाहीत. मराठी मंडळ्या टिळकांची गीते आजही गातात. येशूविषयी बोलायला तुकोबांची चाल पुरते, हे त्यांनी हजारोंना पटवून दिले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र तर मराठी गद्याचे भूषण आहे. त्यांचे पुत्र देवदत्त यांनीही 'ज्ञानोदया'चे संपादन केले. एका घराने एवढे दिल्याची उदाहरणे थोडी.

पत्र चालवण्याची ओढ कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियनांतही होती. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. तिथे दोन तपे काढून ते मायदेशी परतले आणि 1878 मध्ये प्रिन्स्टनला मिशनांच्या बातम्यांचे मासिक काढून बसले. ते त्यांच्या पश्चात अनेक दशके चालले. त्यांच्याच मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला 1894 मध्ये रुग्णालय उभारले. तिकडे उपचारासाठी दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक दोन्हीकडची माणसे गेली.

सैल पडलेले पंथभेद पुढे संघटनेतही मिटत गेले. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या. 1947 मध्ये दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिदर-कलबुर्गी भागात मेथडिस्ट मंडळ्या अधिक, आणि त्या या दोन्हींच्या बाहेर राहिल्या. मंडळ्यांच्या या सीमा काहीही असोत, सोलापूर-वाडी लोहमार्गावर गाणगापूर रोडला उतरणार असलेल्या दत्तभक्तांनी भरलेल्या गाडीत सोलापूरच्या मंडळीतला एखादा माणूस असतो. तो पाहुण्यांकडे निघालेला असतो, आणि बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी मराठीत सुरू केलेले बोलणे गाडी वाडीला पोचेपर्यंत कानडीत संपवतो.