टायर मोठे घातले, हवा किती?

जीपला जाडजूड मड टायर बसवले की पंक्चरवाला सवयीनं ३५ पीएसआय भरून मोकळा! दरवाजावरच्या स्टिकरचा आकडा मूळ मापासाठी असतो. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून तेच वजन तो बहुधा कमी दाबातही पेलतो.

योग्य आकडा खडूनं शोधा. टायर थंड असताना नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा आणि सपाट डांबरावर सरळ थोडं अंतर जा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, नुसत्या कडा पुसल्या तर कमी. दोन-दोन पीएसआय बदलत रेघ सारखी पुसेपर्यंत हेच करायचं. माझं पुढं २८, मागं २६ वर जमलं. तुमचं वेगळं येईल.

पावसाळ्यात इस्लामपूरच्या उसातल्या पाणंदी म्हणजे काळा चिखल. तिथं मी १८ वर उतरतो. टायर पसरतो, पकड वाढते. १५ च्या खाली मात्र नको, वळणावर टायर रिम सोडतो. (ट्रॅक्टरवाल्यांना हे आधीपासून ठाऊक: नांगरटीला कमी, ट्रॉलीला जास्त.)

पेठ नाक्यावरून हायवेला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेत पळवलं की टायरची बाजू तापते आणि फाटते.