टीबीवरचं पहिलं अँटिबायोटिक विद्यार्थ्याने शोधलं, नोबेल मात्र सरांना मिळालं

डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये क्षयरोगाने गेल्या. वय अवघं २१. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या, पण स्वतःच्या आजारावर त्यांच्याकडेही इलाज नव्हता. कारण तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. मोकळी हवा, सकस आहार आणि आराम, एवढंच काय ते हातात होतं.

पुढची ५० हून जास्त वर्षं हीच परिस्थिती राहिली. दरम्यान पेनिसिलीन आलं, पण टीबीच्या जंतूंपुढे त्याचं काही चालेना.

आता येऊ १९४३ मध्ये. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन नावाचे प्राध्यापक होते. मातीतले काही सूक्ष्मजीव दुसऱ्या जंतूंना मारतात, त्यांच्यापासून औषध मिळवायचं, या कामाला त्यांनी आपली प्रयोगशाळा लावली होती.

त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शाट्झ हा २३ वर्षांचा विद्यार्थी पीएचडी करत होता. महिन्याला ४० डॉलर मिळायचे. टीबीच्या जंतूंवरचं काम धोक्याचं, म्हणून तो ते तळघरातल्या प्रयोगशाळेत करायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला खत घातलेल्या मातीत आणि एका कोंबडीच्या घशातल्या नमुन्यात हवा तो सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून मिळालेलं औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन.

ते माणसावर किती चालतं, हे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले. चाचणीत १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध दिलं, ५२ जणांना फक्त आराम. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४ जण दगावले, तर नुसत्या आरामावर असलेल्यांपैकी १४.

पण इथेच एक मेख होती. बऱ्याच रुग्णांमध्ये काही आठवड्यांतच जंतू या औषधाला दाद देईनासे झाले. मग डॉक्टरांनी त्याच्या जोडीला दुसरी औषधं द्यायला सुरुवात केली. एका औषधातून वाचलेला जंतू दुसऱ्यात मरतो, हा त्यामागचा हिशोब. आजही टीबीच्या रुग्णाला एकाच वेळी तीन-चार औषधं देतात आणि बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडू नका असं बजावतात, ते याचसाठी.

इकडे श्रेयाचा वाद पेटला होता. १९४४ च्या शोधनिबंधावर पहिलं नाव शाट्झचं होतं, पण कौतुक होत होतं ते वॅक्समन यांचं. औषधाच्या रॉयल्टीतला वाटाही त्यांना मिळतोय हे कळल्यावर शाट्झने १९५० मध्ये थेट आपल्या सरांवरच खटला भरला. प्रकरण तडजोडीने मिटलं. शाट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीतला ३ टक्के वाटा मिळाला.

तरीही १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना जाहीर झालं. पद्धत वॅक्समन यांची होती, हे खरंच. पण नोबेल दिलं गेलं ते स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधासाठी, आणि तळघरात तो शोध लावणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं.

अखेर १९९४ मध्ये रटगर्स विद्यापीठाने शाट्झ यांना पदक देऊन गौरवलं. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.