बियांवरचे जंतू आणि उजेड

मटकी आपण भिजत घालतो, मग फडक्यात बांधून ठेवतो. मोड यायला ओल लागते आणि ऊब लागते. पण जंतूंनाही नेमके हेच लागते! बीवर एखादा जंतू असला, तर फडक्यात मटकीबरोबर तोही वाढतो. ऊब-ओल मनासारखी मिळाली, तर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहा. दहा तासांत एकाचे दहा लाख होतात.

२०११ साली जर्मनी देशात काय झाले ते ऐका. तिकडे लोक मोड कच्चेच खातात. एकाएकी माणसे आजारी पडू लागली. रक्ताची हगवण लागली. कित्येकांची मूत्रपिंडे बिघडली. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, पन्नासाहून जास्त दगावले. तपास करता करता माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. असे जंतू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत असतात. शेणातून, घाण पाण्यातून ते बियांवर येतात. बी मात्र दिसायला चांगलेच दिसते.

मग बी आधीच निर्जंतुक का करू नये? नुसते धुऊन सगळे जंतू जात नाहीत. उकळावे, तर बीच मरते. मग मोड कुठून येणार? म्हणून शास्त्रज्ञांनी उजेडाची युक्ती काढली. उन्हाने जंतूंची वाढ थांबते, हे इंग्लंडात डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ सालीच दाखवले होते. आता त्यासाठी खास दिवे आहेत. त्यांच्यातून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. जंतूच्या पार गाभ्याला ते इजा करतात. मग एकाचे दोन होत नाहीत.

पण उजेड पडेल तिथेच काम होते. ढिगात खालचे बी सावलीत राहते. म्हणून बी पातळ पसरून हलवत राहावे लागते. बीच्या भेगेत लपलेला जंतू तरीही वाचतो. उजेड फार दिला, तर बी तापते आणि मोड कमी येतात. म्हणजे जंतू कमी होतात, संपत नाहीत.

हे दिवे घरी वापरायचे नाहीत. त्यांनी डोळ्यांना आणि कातडीला इजा होते. आपल्याकडे चूल आहे. मोड धुवा आणि उसळ चांगली रटरटू द्या. भेगेतल्या जंतूलाही ती उष्णता पोचते. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायांना कच्चे मोड देऊच नका.

आणखी एक. पेरणीसाठी आणलेले, रंग लावलेले बियाणे मोडासाठी घेऊ नका. त्याला विषारी औषध चोळलेले असते. ते शिजवूनही जात नाही.