सन्मानपत्रापासून बीजहक्कापर्यंत

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान असलेले रसमडा आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. धुराड्यांची रांग ओलांडली की मात्र भातखाचरे दिसू लागतात. छत्तीसगडचे हे भातक्षेत्र राज्याची सीमा ओलांडून गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरपर्यंत पसरलेले आहे. या भूमीतील लोकनेते, कलावंत आणि आदिवासी-ग्रामीण उद्योजक यांचा गौरव अनेकदा झाला. त्या गौरवातून त्यांच्या हाती नेमके काय आले, हा प्रश्न कृषिविस्ताराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पुरस्कारांच्या नावांतील इतिहास

छत्तीसगड राज्याची स्थापना १ नोव्हेंबर २००० रोजी झाली. राज्योत्सवाच्या निमित्ताने दिल्या जाणाऱ्या राज्य अलंकरणांची नावे या मातीतून आलेली आहेत. आदिवासी उत्थानाचा सन्मान शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावे आहे. सोनाखानचे हे बिंझवार आदिवासी जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य दिले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना फाशी देण्यात आली. लोककलेचा सन्मान नाचा या लोकनाट्याला आयुष्य वाहिलेल्या दाऊ मंदराजी यांच्या नावे, तर कृषिक्षेत्रातील सन्मान डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावे दिला जातो.

दुर्ग जिल्ह्यातीलच गनियारी हे तीजनबाईंचे गाव. पारधी समाजात जन्मलेल्या या कलावतीने पंडवानीची उभ्याने गाण्याची कापालिक शैली स्वीकारली. ही शैली पुरुषांची मानली जात असे, त्यामुळे त्यांना स्वसमाजाचा बहिष्कार सोसावा लागला. पुढे भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. शेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यातील फूलबासनबाई यादव यांनी २००१ च्या सुमारास मोजक्या महिलांसह मूठमूठ तांदूळ आणि दोन-दोन रुपये साठवून बचत गटाचे काम आरंभिले. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तोवर त्या दोन मुठी तांदळातून महिलांची मोठी संघटना उभी राहिली होती.

गौरव मिळाला, हक्क राहिला

याच भातपट्ट्यात महाराष्ट्राच्या बाजूला, चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड हे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या आढळल्या. त्यांचे बी राखून, दरवर्षी निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून बाजारात ते ‘एचएमटी’ म्हणून रूढ झाले आणि अनेक राज्यांत पोहोचले.

२००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. राज्य शासनाचा कृषिभूषण पुरस्कारही त्यांना मिळाला. परंतु हे वाण विकसित झाले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाची कायदेशीर नोंदणी करण्याची सोयच देशात नव्हती. वाणाचा प्रसार झाला, त्याचा आर्थिक लाभ मात्र दादाजींपर्यंत क्वचितच पोहोचला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात उपचारांच्या खर्चासाठीही त्यांच्या कुटुंबाला झगडावे लागले होते.

बीजकोशाचा आधार

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांचा अनुभव याहून निराळा आहे. महादेव कोळी समाजातील राहीबाईंना शाळेचे शिक्षण लाभले नाही. घरच्या परसात वाल, घेवडा, भात आणि पालेभाज्या यांचे गावठी बियाणे त्यांनी जपले. बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्या बियाण्यांची शास्त्रीय नोंद झाली, बीजकोश उभा राहिला आणि परिसरातील महिला त्या कामात सहभागी झाल्या. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० ची पद्मश्री यांमुळे या कामाला देशभर ओळख मिळाली. पुरस्कार येण्यापूर्वीच काम व्यक्तीपुरते उरले नव्हते, त्यामुळे गौरवाचे बळ संपूर्ण समूहाला मिळाले.

कायद्याने दिलेली वाट

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्यासाठी त्याला शुल्क द्यावे लागत नाही. भातासारख्या पिकाच्या वाणाला पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. याच कायद्याखाली पारंपरिक वाण जपणाऱ्या समुदायांना दहा लाख रुपयांचा पादप जीनोम संरक्षक समुदाय पुरस्कार आणि वैयक्तिक शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र पारितोषिके दिली जातात. छत्तीसगडच्या नगरी दुबराज तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सामूहिक हक्काचा तो आणखी एक मार्ग होय. महाराष्ट्र शासनाच्या वसंतराव नाईक शेतीनिष्ठ शेतकरी पुरस्कारातही आदिवासी गट स्वतंत्र आहे.

विस्तार कार्यकर्त्यांचे कर्तव्य

पुरस्काराचा प्रस्ताव तयार करताना वाणाची नोंदणीही त्याच वेळी हाती घ्यावी. वाणाचे स्थानिक नाव, ते प्रथम कोणी राखले, किती हंगाम घेतले, लोंबी व दाण्याची वैशिष्ट्ये कोणती, यांची तारीखवार नोंद करावी व छायाचित्रे जोडावीत. शेतकऱ्याच्या अर्जाला पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास कार्यालय यांपैकी एकाचे समर्थन घेता येते. वाण गावाने मिळून जपले असेल तर अर्जही समूहाच्या नावे करावा. बियाणे बाहेरच्या कोणालाही देण्यापूर्वी ही नोंद पूर्ण झालेली असावी.

सत्काराची शाल काही दिवसांनी पेटीत जाते. नोंदणीपुस्तकात शेतकऱ्याचे नाव असेल, तर त्याच्या पुढील पिढीलाही आपल्या बियाण्यावर हक्क सांगता येतो. दादाजींच्या वाट्याला जे आले नाही, ते पुढच्या शेतकऱ्याला मिळवून देणे आज आपल्या हाती आहे.